अंजन बहरलं त्या साली

भाऊचा फोन आला तेव्हा मी जळगावात, पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीच्या तोंडाशी मेथीच्या जुड्या निवडत उभी होते. "झाडानं फुलं घेतली," एवढंच तो म्हणाला आणि गप्प बसला. कोणतं झाड ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आमच्या माहेरी झाड म्हटलं की एकच, मळ्याच्या डोक्यावरचं अंजन.

"मग घेऊ दे की फुलं. झाडच आहे ते, फुलं नाही घेणार तर काय, इस्त्रीचे कपडे घेईल?" मी म्हटलं. पलीकडून हसू आलं नाही. जुडी न निवडताच मी पिशवीत कोंबली, आणि त्याचा मला भयंकर राग आला.

भाऊ आम्हा भावंडांत थोरला. यावलच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी त्याची केळी आहे. तिथं काळी जमीन हळूहळू चढत जाते आणि एका ठिकाणी संपतेच, पुढे नुसती बरड, मुरूम आणि काळा दगड. त्या हद्दीवर हे एकटं अंजन उभं. पूर्वी तिथून डोंगरापर्यंत अंजनच अंजन होतं म्हणे. बैलगाडीचे कणे त्याचेच, घराचे खांब त्याचेच, ओल्या सालीचे दोर त्याचेच. लाकूड एवढं जड की पाण्यात टाकलं तर बुडतं. गाड्या गेल्या, ट्रॅक्टर आले, मग जेसीबीनं बरड सपाट करून वर केळी चढली आणि ती झाडं एकेक करून गेली. आमचं तेवढं राहिलं, कारण उन्हाळ्यात म्हशींना त्याचा पाला लागायचा.

आता भाऊच्या गप्प बसण्याचं कारण. अंजन दरवर्षी धरत नाही. पाच-सहा वर्षं नुसतं पानांवर काढतं, फुलं आली तरी चार-दोन, आणि मग एका साली असं लगडतं की पान दिसू नये. आमच्या झाडानं असं पहिल्यांदा केलं, म्हणजे घरच्यांच्या आठवणीत पहिल्यांदा, तेव्हा त्या शेंगा गळायच्या आत आजोबा गेले. नंतर कितीतरी वर्षांनी केलं, तेव्हा आबा गेले, आमचे वडील. मधे ते कधी असं बहरल्याचं कुणाला आठवत नाही. गावात तर म्हणच पडली होती की यांचं अंजन दाण्यावर आलं की घरचा कर्ता जातो.

मी पडले बॉटनीची मास्तरीण. उभा जन्म पोरांकडून फुलाचे उभे छेद काढून घेतले. असलं काही ऐकलं की माझं टाळकं सरकतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, दुसरं काय! पण भाऊच्या छातीत दोन वर्षांपूर्वी जळगावच्या दवाखान्यात स्प्रिंग बसवली होती, आणि आता घरचा कर्ता तो होता. म्हणून रविवारी सकाळी मुकाट्यानं एसटीत बसले.

वहिनी शिरपूरकडची. इतकी वर्षं आमच्या घरात नांदून तिच्या तोंडातला अहिराणी 'शे', आपला 'आहे', काही गेला नाही. दारातच तिनं मला धरलं. "ताई, तुम्ही घर उनात ते बरं व्हयनं. तुमना भाऊ दिनभर झाडखाले बशी ऱ्हातस. जेवनवर ध्यान नही. करवतवालाले बलाई ठेयेल शे."

"करवतवाला? कशाला?"

"तोडाले!" वहिनी म्हणाली आणि पदरानं डोळे पुसायला लागली.

मी चपलाही न काढता मळ्यावर गेले. भादव्याचं ऊन चटके देत होतं. भाऊ झाडाखाली उकिडवा बसला होता, आणि वर खरोखरच बघवत नव्हतं. अंजनाचं फूल दिसायला काही नसतं, हिरवट पिवळं, बाजरीच्या दाण्याएवढं. पण प्रत्येक डहाळी त्यानं भरली होती. जोडीजोडीची ती खुरासारखी पानं त्याखाली दडून गेली होती. सगळ्या झाडातून माशांचा असा घों घों आवाज येत होता की खाली उभं राहून आपला आवाज आपल्याला चढवावा लागे. वारा पडलेला. मला ते आवडलं नाही, सरळ सांगते. उभ्या जन्मात मला झाडाची भीती वाटली नव्हती.

"पाह्यलं?" भाऊ म्हणाला. "आबाच्या टाइमाले असंच व्हतं."

मी फांद्या बघत राहिले. काहीतरी वेगळं होतं, आणि ते काय हे ध्यानात यायला मला थोडा वेळ लागला. लहानपणापासून पाहिलेलं ते झाड बोडकं असायचं. दर उन्हाळ्यात त्याला कोवळी तांबूस पालवी फुटली की आबा आकडी घेऊन वर चढायचे आणि म्हशींसाठी पाला पाडायचे. डहाळ्या छाटून छाटून फांद्यांच्या टोकांना गाठी आलेल्या, मुठीसारख्या. आता त्या गाठींतून लांबलचक काटक्या सुटून खाली लोंबत होत्या.

"भाऊ, पाला शेवटचा कधी पाडला?"

"मले चढाची मनाई केली ना डॉक्टरनं. म्हशीबी विकल्या मंग."

"आणि आबा अंथरुणाला खिळले होते, तेव्हा कोण पाडायचं?"

तो विचारात पडला. "कोनीच नही. मी तवा दीपनगरले कामाले व्हतो. म्हशी मामाकडं धाडल्या व्हत्या."

"आजोबा?"

"त्याह्यचा पाय मोडेल व्हता. दोन वर्सं पडून व्हते."

मला हसूच फुटलं. सगळा हिशोब माझ्यासमोर उभा होता. जे झाड दर उन्हाळ्यात ओरबाडलं जातं ते फुलं कशावर आणणार? त्याला जुनी काटकी लागते, अंगात साठा लागतो. घरचा कर्ता आजारी पडला की पाला पाडायचं थांबतं, झाडाला दोन उन्हाळे सुटी मिळते, आणि ते फुलतं. "अरे वेड्या," मी म्हटलं, "झाड फुललं म्हणून माणूस गेला नाही. माणूस पडला म्हणून झाड फुललं! उलटं आहे सगळं. उगाच साप साप म्हणून भुई धोपटताय तुम्ही लोक."

मला वाटलं होतं तो मोकळा होईल, टाळी देईल. भाऊ झाडाकडे बघत बसला. मग अगदी हळू म्हणाला, "म्हंजे घरात कोनी जायले लागलं का झाडाले आधीच समजतं."

माझ्याच हातानं त्याच्या भीतीला मी खुंटी ठोकून दिली होती. आता ती निव्वळ गावगप्प राहिली नव्हती, तिला शास्त्राचा आधार मिळाला होता. पडलेला माणूस यंदा तोच होता, आणि झाडानं ते ओळखलं होतं.

त्या दुपारी आम्ही ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि ठेचा खाल्ला, आणि खाताना कडाकडा भांडलो. करवतवाला उद्या येणार होता. बॉटनी चालत नाही म्हटल्यावर मी आमच्या आईचा मार्ग धरला. आई कुणाशी वाकडं आलं की त्याच्या पोराला लाडू द्यायची. मी म्हटलं, "हे झाड माणसं नेतं म्हणतोस ना? मग तोडून त्याचा तळतळाट कशाला घेतोस? शेंगा पडू दे. तुझ्या हातानं बी लाव, तुझ्या हातानं त्याची पोरं वाढव. आपली पोरं सांभाळणाऱ्याच्या जिवावर कोण उठतं रे?"

भाऊचा घास हातात राहिला. वहिनी पटकन म्हणाली, "बराबर बोलतस ताई." करवतवाल्याला फोन करून नको सांगितलं ते तिनंच.

आता मला त्या रोपांची किती गरज होती तेही सांगते, नाहीतर सगळं त्याच्यावर ढकलल्यासारखं होईल. आसपास दुसरं अंजन उरलं नव्हतं. आमचं आतून पोखरलेलं होतं, पाला पाडून पाडून जखमांतून पाणी शिरलेलं. बुंध्यावर थाप मारली की ढब्ब आवाज यायचा. ते मोडायच्या आत त्याच्या पोटचं एक तरी उभं राहावं, एवढंच मला हवं होतं. आणि भाऊला, रोपं जगली की आपण जगलो, असं पक्कं वाटायला लागलं होतं. दोघांचा जीव एकाच वाफ्यात अडकला.

चैत्रात शेंगा वाळल्या. अंजनाची शेंग म्हणजे चपटा, पातळ, बोटभर पापुद्रा आणि टोकाशी एकच बी. दुपारचा गरम वारा सुटला की त्या गिरक्या घेत बरडीवर लांब लांब जायच्या. भाऊ पंचा पसरून बसायचा आणि आल्या-गेल्याला सांगायचा, "माह्या पोट्ट्यायले घरी नेऊ राह्यलो." जूनमध्ये त्यानं झाडापासून थोडं अलीकडे, बांधाच्या वर, वाफा केला. केळीवाल्याचा वाफा तो! सरळ ओळी, ठिबकच्या नळ्या, भोवती काटेरी कुंपण.

पाऊस झाला आणि सगळी बरड हिरवी झाली. वाऱ्यानं नेलेलं बी जिथं तिथं उगवलं होतं, दगडाच्या भेगेत, गाडीवाटेत, नाल्याच्या काठाला. पाय कुठं ठेवावा कळेना. भाऊ हरखला. मी म्हटलं, नाचू नकोस, यातलं काही उरत नाही. तसंच झालं. शेळ्या फिरल्या, ऑक्टोबरचं ऊन लागलं, आणि दिवाळीला बरडीवर शोधूनही एक सापडेना. उरला तो वाफा.

त्याला कळावं म्हणून श्रावणातच मी वाफ्यातलं एक रोप मुद्दाम खणून दाखवलं होतं. वर वीतभर काडी आणि चार पानं. खाली मूळ किती? आम्ही खणत गेलो, खणत गेलो, शेवटी दगडाच्या फटीत ते तुटलं, तरी माझ्या कोपरापर्यंत लांब. "हे झाड आधी खाली वाढतं," मी सांगितलं. "वरचं नुसतं नावाला. उन्हाळ्यात वरची काडी वाळून जाईल, मेल्यासारखी दिसेल. पावसात पुन्हा फुटेल. पुन्हा वाळेल. अशी कितीतरी वर्षं काढतं, आणि मूळ पाण्याला भिडलं की मग वर निघतं. हिवाळ्यात पाणी बंद कर, म्हणजे खाली शोधत जाईल." भाऊनं मान डोलावली. त्यानं ते तुटकं मूळ घरी नेलं आणि देवळीत ठेवलं.

ते साल गेलं. भाऊ गेला नाही. उलट त्याची तब्येत सुधारली. कानबाईच्या रोटाला, आमच्याकडच्या देवीच्या सणाला, तो मिरवणुकीत नाचला म्हणे, वहिनीनं फोनवर ओरडून सांगितलं. मला आनंद झाला, आणि मी थोडी फुगलेही, का खोटं बोलू. नवऱ्याला म्हटलं, "बघा, माझ्या बॉटनीपेक्षा माझ्या आईची अक्कल कामाला आली."

मग पुढचा उन्हाळा आला.

एप्रिलात भाऊचे फोन सुरू झाले. पानं पिवळी पडू राह्यली. पानं गळाली. काड्या वाळल्या. मी प्रत्येक वेळी तेच सांगे, वाळणारच, हात लावू नकोस. माझ्यापुढे बोर्डाच्या उत्तरपत्रिकांचा ढीग होता. एकदा तो म्हणाला, "मोठं झाडबी एकाच अंगानं फुटलं. नाल्याकडच्या बाजूले पालवीच नही." त्यावर मी जरा थांबले. पण तेवढ्यात कुकरची शिटी झाली आणि मी म्हटलं, "येते मी, पेपर संपले की येते." नंतर फोन बंद झाले. मला वाटलं, चला, समजलं गड्याला.

इथं हरण्याचं सांगायला हवं. केळीवर हरण्या नावाचा रोग येतो. पानावर पिवळ्या रेघा पडतात, मधला कोवळा पोंगा सडतो, आणि मावा तो रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. त्याला औषध नाही. पिवळं दिसलं की उपटायचं, बागेबाहेर नेऊन गाडायचं, मागे वळून बघायचं नाही. काही वर्षांपूर्वी भाऊच्या बागेत तो आला, तेव्हा भाऊनं दया केली. सुधारतील, पाणी देऊ, थोडं थांबू, असं म्हणत तो आठवडाभर थांबला आणि उभी बाग गेली. लहान लेकरासारखा रडला होता तेव्हा. त्यानंतर त्याची नजरच बदलली. आमच्या घरी जेवताना कोथिंबिरीची पिवळी काडी दिसली तरी तो ती उचलून ताटाबाहेर टाकतो. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, ते असं.

मी मृग लागायच्या आत पोचले. वहिनी दारात दिसली, पण नेहमीसारखी पुढे आली नाही. "ते मळामा शेतस," म्हणाली आणि चुलीकडे वळली. मी बांधावर चढले.

वाफा मोकळा होता. कुंपण जागेवर, नळ्या गुंडाळून ठेवलेल्या, आणि माती खणून, ढेकळं फोडून, हातानं सारखी केलेली. एक काडी नव्हती. भाऊ मोठ्या झाडाच्या बुंध्याला टेकून बसला होता आणि मला बघून त्याचा चेहरा फुलला. तो चेहरा मला अजून दिसतो. शाबासकी घ्यायला बसलेला तो चेहरा होता.

"बठ्ठे खनून काहाडले," तो म्हणाला. "हरण्याच व्हता. खालून पिवळे पडले, मंग वरून वाळले. मोठ्या झाडाले लागू राह्यला व्हता, पाह्य ना, अर्धं अंग गेलं त्याचं. मंग मी म्हटलं, आता दया नही. पोट्टे गेले तं गेले, माय वाचली पाह्यजे."

"भाऊ, मी तुला सांगितलं होतं..."

"सांगेल व्हतं. मी थांबलो बी. मांगच्या वेळेलेबी थांबलोच व्हतो ना."

"कुठं टाकलीस?" मी विचारलं. त्यानं नाल्याच्या काठाला खड्डा दाखवला. शिस्तीत गाडून वर चुना मारलेला. मी कुदळ घेतली आणि खणायला लागले. भाऊ "काय करतं व, काय करतं," म्हणत मागे आला. वरच्या काड्या चुरा झाल्या होत्या. पण मुळं होती. वीतभर लांबीची, हाताच्या लांबीची, तपकिरी. मी एक उचललं आणि नखानं सोललं. आत पांढरं होतं, ओलं. दुसरं सोललं, तेही ओलं. मातीतून निघून, चुन्यात गाडून, मे महिन्याच्या उन्हानं तापलेल्या त्या जमिनीत ती अजून वाळली नव्हती.

मी ते मूळ त्याच्या हातात कोंबलं. "बघ! हात लावून बघ! मेलं आहे हे? सांग, मेलं आहे? जिवंत होती रे सगळी! जिवंत पोरं गाडलीस तू!" मी एवढी ओरडले की नाल्यापलीकडे शेळ्या वळणारा म्हातारा उभा राहिला. मला भान नव्हतं.

भाऊनं ते मूळ दाबून पाहिलं. बोटांना ओल लागली ती त्यानं पाहिली. मग त्याचा हात छातीवर गेला आणि तो खाली बसला. वहिनी माझ्या मागोमाग आली होती, ती धावली. "बस करा ताई, बस करा वं माय! मारी टाकशात का त्यासले?" तिनं त्याच्या जिभेखाली गोळी ठेवली. मी कुदळ टाकली. शेंगा गळाल्या त्या साली जे झालं नाही, ते आता माझ्या तोंडानं होतं की काय, हाच एक विचार डोक्यात भिरभिरत होता.

काही झालं नाही. तो बसला, पाणी प्याला, उठला.

पावसाळाभर तो त्या मोकळ्या वाफ्यावर जात राहिला. मुळं खोल जातात, तर खोल राहिलेल्या तुकड्याला कोंब येईल, असं त्यानं मनाशी धरलं होतं. मी सांगितलं होतं की एवढ्या खोलातून येत नाही. पण मी सांगितल्यानं काय होतं, ते एव्हाना आम्हा दोघांना ठाऊक होतं. वाफ्यात तण आलं. ते त्यानं एकेक पान निरखून काढलं, उपटायच्या आधी वहिनीला बोलावून दाखवून. कोंब आला नाही.

आणि भादव्यात पुन्हा फोन आला. "झाडानं फुलं घेतली!" यावेळी आवाज असा की शेजारच्यांनाही ऐकू जावा. "सुधारलं व माय! मांगच्यापरीस जास्त आहे. मले आता काही भ्या नही, तू ये फक्त."

मी गेले. झाडाची नाल्याकडची बाजू पूर्ण उघडी झाली होती, सालीच्या ढलप्या पडल्या होत्या, मधे लाकूड काळं दिसत होतं. आणि उरलेल्या अर्ध्या अंगावर फुलांचा असा ढीग होता की फांद्या वाकल्या होत्या. जे झाड पाच-सहा वर्षांशिवाय धरत नाही, ते दोन वर्षांत पुन्हा धरत होतं. माशांचा तोच घों घों आवाज. आमच्या कॉलनीतला एक आंबा वठायच्या आधी असाच मोहरला होता, लोकांनी फोटो काढले होते. जाणारं झाड अंगात असेल नसेल तेवढं सगळं एकदाच बाहेर काढतं. भाऊ मला फांदी फांदी दाखवत फिरत होता, धाकट्या पोरासारखा, आणि मी हो हो म्हणत होते.

मी बुंध्यावर थाप मारली. पूर्वी ढब्ब आवाज यायचा. आता आतून माती घरंगळल्याचा आवाज आला, बराच वेळ.

त्याला मी काही सांगितलं नाही. मला सांगता आलं नाही. आधी त्याला भीती होती आणि मी हसत होते. आता त्याची भीती गेली होती आणि ती माझ्याकडे आली होती. गावातलेही म्हणायला लागले की म्हण खोटी पडली, कर्ता ठणठणीत आहे. मी जळगावला परतले आणि हिवाळाभर, वारा जरा जोरात सुटला की वहिनीला फोन करायचे. "उभं शे ना?" मीही तिच्याच भाषेत विचारायला लागले होते. "उभं शे," ती म्हणायची.

चैत्रात शेंगा वाळल्या, तसा मी रजेचा अर्ज टाकला आणि गेले. भाऊनं वाफा करून ठेवला होता. यावेळी सरळ ओळी नव्हत्या, नळ्या नव्हत्या. मी कधीतरी सांगितलं होतं तसा दगडगोटे ठेवून, बरडीसारखाच. कुंपण दुहेरी. झाडाखाली शेंगांचा थर पडला होता आणि वाऱ्यावर आणखी पडतच होत्या.

मी खाली बसले आणि एक शेंग उचलली. हाताला फार हलकी लागली. टोकाशी फोडली. आत बियाच्या जागी नुसता चपटा पापुद्रा. दुसरी फोडली. तिसरीत भुगा निघाला. मी जरा पुढे सरकून दुसरीकडची मूठभर घेतली, अंगठ्यानं टोकं दाबत गेले, आणि प्रत्येक टोक दबत गेलं. फुलं आणायला झाडात जोर होता, दाणा भरायला उरला नव्हता.

भाऊ माझ्यासमोर बसला. त्यानं धुतलेला पंचा काढून जमिनीवर पसरला, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि दोन्ही हातांनी शेंगा भरायला लागला. अगदी हळुवार, एकही चुरडू नये अशा बेतानं. भरता भरता थांबला. मान वर न करता म्हणाला, "या टाइमाले वाळू देत, पिवळे पडू देत, काहीबी होऊ दे. मी एकबी उपटणार नही. तुह्या गळ्याची शपथ."

"बरं," मी म्हटलं आणि पुढची शेंग फोडली.